ढम्याची पुडी

आमच्या घरात आजारी पडण्याची भीती कुणालाच वाटत नसे. दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो आणि मधल्या चौकटीला दार नव्हतंच, नुसता पडदा होता. खोकला झाला, पोट बिघडलं, कपाळ तापलं, की पडदा सरकवून अण्णांसमोर जाऊन उभं राहायचं. अण्णा जीभ बघायचे, डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे आणि म्हणायचे, "जा, आधी दोन घास खाऊन ये, मग पुडी देतो." माझे वडील डॉक्टर नव्हते. तरुणपणी ते नारायण पेठेत एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, तसं अण्णांनी धायरीत येऊन औषधांचं दुकान टाकलं. परवाना फार्मसी शिकलेल्या एका गृहस्थांच्या नावावर होता. ते अधूनमधून येत, सह्या करत, चहा पीत आणि "काय म्हणतंय आमचं दुकान?" असं विचारून निघून जात. गावाला त्या परवान्याशी काही देणंघेणं नव्हतं. धायरी तेव्हा गावच होतं, शहरातला डॉक्टर गाठायचा तर अर्धा दिवस मोडायचा, आणि अण्णा तर दारातच होते. हाक मारली की यायचे. जेवणाच्या ताटावरून उठून जाताना मी त्यांना कितीदा पाहिलं आहे. त्या माणसाला आळस ठाऊक नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकून कुणी त्यांना लबाड समजू नये.

दुकानाचे आवाज तेच आमच्या घराचे आवाज. शटर वर जातानाचा खडखडाट, काचेच्या बरणीचं झाकण, आणि गोळ्यांच्या पट्टीवर चालणारी कात्री. पूर्ण पट्टी कुणी घेत नसे. "चारच द्या अण्णा, बरं वाटलं तर पुढच्या कशाला लागतायत?" असं गिऱ्हाईक म्हणे आणि अण्णा कापून देत. कापून उरलेले तुकडे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जात, आणि त्या डब्यातूनच पुड्या बांधल्या जात. पुडी म्हणजे वर्तमानपत्राच्या तुकड्यात घडी घालून दिलेल्या सुट्या गोळ्या. एक तापाची, एक जंतू मारायची, एक पिवळी ताकदीची, आणि एक अगदी बारीक, पांढरी. त्या पांढरीचं नाव अण्णा कधीच घेत नसत. नारायण पेठेतल्या डॉक्टरांनी ती त्यांना दाखवली होती. सांधे धरलेली म्हातारी ती खाऊन संध्याकाळी देवळात चालत जायची, अंगावर पित्त उठलेला माणूस तासाभरात खाजवायचा थांबायचा. ते स्टेरॉइड होतं, हे मला फार उशिरा कळलं. गावाला एवढंच ठाऊक होतं की अण्णांच्या हाताला गुण आहे. पुडीत काय आहे हे विचारायची पद्धत नव्हती. विचारलं तर अण्णा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "खायचीय की वाचायचीय?"

आई मांजरी गावची. तिच्या माहेरी ऊस होता, गुऱ्हाळ होतं, आणि थंडीत तिकडून काकवीची बरणी यायची. भाकरी कुस्करून त्यावर काकवी ओतून दिली की मला दुसरं काही नको असायचं. आईला शहरी बोलणं कधी जमलं नाही. जमवायची तिची इच्छाही नव्हती. अण्णा 'आहे', 'नाही' असं स्वच्छ बोलायचे, आई 'हाय', 'न्हाई' म्हणायची, आणि गिऱ्हाइकांसमोर ती फार बोलू नये असं अण्णांना वाटायचं. ती बोलायचीही नाही. चारचौघांत अण्णांचा शब्द तिने खाली पडू दिला असं मी तोवर पाहिलं नव्हतं. मी दहावीत जायच्या सुमारास तिचे वडील, आमचे नाना, वारले. मामांनी जमीन प्लॉट पाडणाऱ्यांना देऊन टाकली, गुऱ्हाळ मोडलं, आणि ज्या शेतात आई वाढली तिथे चुन्याच्या रेघा मारल्या गेल्या. नानांच्या बाजेखाली कायम एक कुत्री बसलेली असायची. तिला त्याच सुमारास पिल्लं झाली होती. आई शेवटची म्हणून मांजरीला जाऊन आली ती पिशवीत एक पिल्लू घेऊन. तांबूस रंगाचं, गोल पोटाचं, पिशवीतून डोकं बाहेर काढून दुकानातल्या औषधांचा वास घेऊन शिंकणारं.

अण्णा म्हणाले, "औषधांच्या दुकानात कुत्रं? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

आई पिशवी खाली ठेवत म्हणाली, "माज्या बापाच्या दारातलं एवढंच राह्यलंय." अण्णांनी खुर्ची बाजूला सरकवून पिशवीला जागा केली.

त्याचं नाव ढम्या पडलं, पोटावरून. तो आईच्या मागे मागे फिरायचा. ती भाकऱ्या थापायला बसली की तिच्या पदरावर झोपायचा, आणि थापण्याचा आवाज थांबला की जागा व्हायचा, कारण मग पहिली छोटी भाकरी त्याची असे. नाना गेल्यापासून आई फारशी बोलत नव्हती. आमच्याशी कामापुरतं बोले. ढम्याशी मात्र ती तासन्‌तास बोलायची, मांजरीच्या बोलीत, विहिरीचं, बैलांचं, नानांचं. मी पलीकडच्या खोलीत भूमितीची प्रमेयं पाठ करत ते ऐकायची. आजोबांविषयी मला जे काही माहीत आहे ते आईने मला सांगितलेलं नाही, कुत्र्याला सांगितलेलं आहे.

थोड्याच दिवसांत त्याच्या पोटावर पुळ्या आल्या. मांडीच्या बेचक्यात, जिथे केस नसतात तिथे, बारीक बारीक, टोकाला पिवळसर ठिपका असलेल्या. फुटल्या की पिवळी खपली धरायची, आणि खपली पडली की खाली लाल कडं राहायचं. तो मागच्या पायाने खाजवायचा. आईने कडुलिंबाचा पाला उकळला, कोमट झाल्यावर त्याला घमेल्यात उभा करून धुतला, जुन्या धोतराच्या फडक्याने कोरडा केला. ती हे रोज करायला लागली. आमच्या मागे गोठा होता. तिथले बापू आम्हाला दूध घालायचे. त्यांनी कठड्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाले, "त्याला गाडीचं जळकं ऑइल चोपडा वयनी, खडखडीत व्हतंय."

"तुमच्या म्हशीला चोपडा," अण्णा दुकानातून म्हणाले.

परवा आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरची मुलगी आपलं पिल्लू उचलून माझ्याकडे आली होती. मी अजून धायरीतच आहे. फरक एवढाच की सातव्या मजल्यावर राहते, आणि जिथे बापूंचा गोठा होता तिथे आता कुत्र्यांना आंघोळ घालून, नखं कापून देणारं वातानुकूलित दुकान आहे. ती मुलगी म्हणाली, "काकू, याच्या टमीवर बघा ना, पिंपल्स आलेत. माझ्याकडे रॅशसाठीचं एक क्रीम पडलंय, लावून बघू का?" मी इतक्या जोरात "नाही" म्हणाले की ती आणि पिल्लू दोघंही दचकली. मग तिला आत बसवलं, चहा दिला आणि आजच्या आज डॉक्टरांकडे जा म्हणून सांगितलं. ती गेली. पण मला त्या दिवशी दुपारी झोप लागली नाही, आणि म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

आईचं पाला उकळणं अण्णांना आवडत नव्हतं. "रोज ओलं करतेस, त्याने चिघळेल," असं ते म्हणत. शिवाय घरात अण्णा असताना घमेल्यात पाला उकळावा लागतो, हे त्यांना लागत असणार. एके सकाळी त्यांनी ढम्याला गल्ल्याजवळच्या टेबलावर उताणं घेतलं, चष्मा पुसून त्याचं पोट बघितलं, डबा उघडला आणि पुडी बांधली. वजन बघून गोळ्यांचे तुकडे केले. फार मन लावून केले. ती पुडी आईच्या हातात देताना ते म्हणाले, "भाकरीत घालून दे. नानांचं कुत्रं आहे, दुखणं अंगावर काढू नये." अण्णांचं आईवर प्रेम होतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही आणि आम्हीही कधी तसा विचार केला नाही, पण त्या पुडीत ते होतं. सासऱ्यांच्या मागे बायकोचं दुःख त्यांना दिसत होतं, आणि त्यांना जे एकच काम चांगलं येतं असं वाटायचं ते त्यांनी केलं.

दुसऱ्या दिवशी ढम्या खाजवायचा थांबला. लाली उतरली, खपल्या सुकल्या. बापू दूध घालायला आले तेव्हा बघतच राहिले. "अण्णा, मानलं बुवा. आता म्हशीलापण तुमचीच पुडी!" अण्णा गालातल्या गालात हसले. ढम्याची भूक वाढली. भाकरी, दूध, आमच्या ताटातली उसळ, काही म्हणून पुरेना. पाणी तर असा प्यायचा की आई घमेलं भरून भरून दमे, आणि मग घरभर त्याची तळी पुसत मी दमे. पोट आणखी गोल झालं. "बाळसं धरलंय लेकानं," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात किती दिवसांनी जीव आला होता. त्या काळात एकदा मी शाळेतून आले तर अण्णा दुपारच्या बंद दुकानात खुर्चीवर बसून ढम्याच्या कानामागे खाजवत होते आणि आई उंबऱ्यात बसून शेंगा सोलत त्यांना काहीतरी सांगत होती. दोघं मला बघून गप्प झाले. माझ्या आईवडिलांना एकत्र इतकं आनंदात मी परत कधी पाहिलं असेल तर आठवत नाही.

पुडी संपली आणि पुळ्या परत आल्या. अण्णांनी दुसरी बांधली. पुन्हा सगळं बसलं, पुन्हा उठलं. प्रत्येक वेळी डब्यात जंतूंची जी गोळी उरलेली असेल ती पडायची. कधी ही, कधी ती, खपली सुकली की बंद. पांढरी मात्र प्रत्येक पुडीत होती, कारण तिच्याने गुण येतो हे अण्णांनी डोळ्यांनी बघितलं होतं. जी खाज ती थांबवत होती तिच्याखाली काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं. मग एक दिवस ढम्याने पायरी चढून दुकानात यायचं नाकारलं. पायाच्या बोटांमध्ये जांभळ्या गाठी आल्या होत्या. मग मानेवर, पाठीवर. त्या फुटायच्या तेव्हा पुळ्यांसारख्या फुटत नसत. आतून भोक पडायचं आणि रक्त मिसळलेला पू गळत राहायचा, केस त्यात चिकटून वाळायचे. वास सुटला. आईने त्याला मोरीजवळ पोत्यावर ठेवलं, पण पडद्याला वास कुठे अडतो? अण्णा दिवसभर उदबत्त्या लावायला लागले. एक गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून म्हणालं, "अण्णा, आत काय मेलंबिलंय का?" अण्णा म्हणाले, "नाही. तुम्ही येणार म्हणून अत्तर शिंपडलंय." गिऱ्हाईक हसलं, पण अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आईने तेव्हा पहिल्यांदा जनावरांच्या दवाखान्याचं नाव काढलं. गावाच्या वेशीजवळ सरकारी दवाखाना होता, म्हशी-बैलांसाठी. एक डॉक्टर सकाळी बसायचे.

"मी घरात असताना?" अण्णा म्हणाले. "उद्या सगळं गाव म्हणेल, मेडिकलवाल्याला स्वतःचं कुत्रं बरं करता येत नाही."

"म्हनू दे."

"अगं, डोस वाढवतो. थोडा धीर धर."

 सकाळी आईने आपलं जुनं लुगडं काढलं, त्यात ढम्याला गुंडाळलं, आणि वेशीच्या बाजूने चालायला लागली. मी दप्तर टाकून तिच्यामागे गेले. बायको एकटी कुत्रं घेऊन दवाखान्यात गेली असं गावाने बघणं अण्णांना जास्त जड गेलं असावं. वळणापर्यंत जातोय तोवर मागून शटर ओढल्याचा आवाज आला आणि ते येऊन आमच्याबरोबर चालू लागले.  लुगड्यातून पू झिरपून आईच्या चोळीच्या बाहीवर आला होता.

दवाखान्याच्या आवारात म्हशीला बांधून ठेवायचा लोखंडी सांगाडा होता, आणि पुढच्या खोलीत एक फरशीचं टेबल. बापू आपली रेडी घेऊन आधीच येऊन बसले होते, आणखीही तीनचार ओळखीचे होते. सगळी अण्णांची गिऱ्हाइकं. "अण्णा, तुमी हितं?" बापूंनी विचारलं. अण्णांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. डॉक्टर मध्यमवयीन होते, शहरातून स्कूटरवर येणारे. त्यांनी ढम्याला टेबलावर घेतलं, तोंड बांधलं नाही, कारण चावण्याइतकं त्राण त्याच्यात नव्हतं. त्यांनी एका गाठीशेजारचे केस कापले, बोटाने हलकेच दाबलं. ढम्या ओरडला नाही, नुसता थरथरला. डॉक्टरांनी त्याच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून बघितली. ती इतकी पातळ झाली होती की खालच्या शिरा दिसत होत्या.

"आधी काही औषध दिलंय?"

"नाही," अण्णा म्हणाले. "घरगुती. हळद, तेल."

"गोळ्या वगैरे?"

"नाही, नाही. गोळ्या कुठल्या?"

डॉक्टरांनी मान डोलावली आणि सुई भरायला वळले. ते काय भरणार होते मला ठाऊक नाही. मी अण्णांकडे बघत होते. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता, आणि तोच हात रोज दुकानात किती ठाम असायचा ते मला माहीत होतं. तो आता कडा चाचपत होता.

"खोटं बोलू नका," आई म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण बाहेर बसलेल्यांचं बोलणं थांबलं. "डाक्टर, यांनी पुड्या दिल्यात. बारीक पांढरी गोळी हाय त्यात. रोज. म्याच घालत हुते भाकरीत, माज्या हातानं."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. अण्णांकडे बघितलं. मग दुकान कुठलं, गोळी कुठली, कधीपासून, असं सगळं विचारलं, आणि अण्णांनी भिंतीवरच्या म्हशीच्या तक्त्याकडे बघत हलक्या आवाजात नावं सांगितली. त्या गोळीचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. ऐकून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "मग आता आपणच सांगा, कोणतं औषध आमच्यासाठी बाकी ठेवलंय?" बाहेर कुणीतरी खोकलं. 

मग डॉक्टरांनी आईकडे वळून सांगितलं, आणि तिला कळेल असं सांगितलं. पिल्लांची कातडी कोवळी असते. पोटावर असे जंतू धरतात, पुष्कळांना होतं, फार मोठं दुखणं नव्हे. नुसतं धुऊन, कोरडं ठेवूनही कितीतरी पिल्लं बरी होतात. पण पांढऱ्या गोळीने खाज थांबली, जंतू थांबले नाहीत. उलट अंगातली त्यांच्याशी लढायची ताकदच गेली, आणि ते केसांच्या मुळाशी, मांसापर्यंत उतरले. जंतूंच्या गोळ्या अर्ध्यामुर्ध्या दिल्यामुळे आता साध्या गोळीला ते दाद देतील की नाही, सांगता येत नाही. पांढरी एकदम बंद करायची नाही, अंगाला तिची सवय झालीय, हळूहळू उतरवायची. "वाचेल का?" आईने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "प्रयत्न करू." 'धुऊन, कोरडं ठेवून' हे शब्द आले तेव्हा आईने अण्णांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

घरी आल्यावर अण्णांनी दुकान उघडलं नाही. डॉक्टरांनी दवाखान्यात हात धुवायला वापरतात ते गुलाबी औषध धुण्यासाठी सांगितलं होतं. ते दुकानात होतंच. अण्णांनी बाह्या सरसावल्या, मोरीत पाट घेऊन बसले आणि ढम्याचे केस कातरले, जिथे जिथे पू होता तिथे तिथे, एकही खपली न ओढता. मग फेस लावून, तो अंगावर थोडा वेळ राहू देऊन, कोमट पाण्याने उतरवायचा, आणि टिपून कोरडं करायचं. कंपाउंडर म्हणून अण्णा उत्तमच असणार. त्यांची बोटं इतकी हलकी चालायची की ढम्या डोळे मिटून त्यांच्या मनगटावर हनुवटी टेकायचा. हे ते रोज करत. गोळ्या पूर्ण पट्टीतून, घड्याळ बघून देत. आई पाणी तापवून द्यायची, फडकी उकळून वाळत घालायची, पण अण्णांशी एक शब्द बोलत नव्हती. पाण्याची बादली ठेवायची आणि जायची. दोघांच्या मध्ये ते पिल्लू, आणि मी चौकटीत उभी. मला त्या वेळी अण्णांची दया येत होती आणि रागही येत होता, आणि कुठलं आधी धरावं हे कळत नव्हतं.

मध्यंतरी दोन दिवस तो बरा वाटला. मानेवरच्या भोकांतून गळणं कमी झालं, त्याने थोडा दूधभात खाल्ला, आणि आई भाकऱ्या थापत असताना सरपटत जाऊन तिच्या पदराला टेकला. आईने थापणं थांबवलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिने पिठाच्या हाताने पुसलं आणि गालावर पीठ लागलं. मी अण्णांना सांगायला धावले. ते म्हणाले, "हो? खाल्लं? किती खाल्लं?" आणि चष्मा काढून पुसत बसले.

त्यानंतर ताप चढला. डॉक्टर घरी येऊन सुई देऊन गेले, म्हणाले, रक्तात उतरलंय. ढम्या गेला तो दुपारी, एक ते चारच्या बंद वेळात, जेव्हा सगळं पुणं झोपतं आणि आमच्या दुकानात पंख्याशिवाय आवाज नसतो. तो अण्णांच्या मांडीवर होता. ते त्याला धुवायला म्हणून बसले होते, पाणी तयार होतं. त्याचे पाय ताठ झाले, मग सैल पडले. मग अण्णांनी त्या मेलेल्या पिल्लाला धुतलं. फेस लावला, तो राहू दिला, उतरवला, टिपून कोरडं केलं. आई उंबऱ्यातून बघत होती. ती म्हणाली, "द्या हिकडं," आणि त्याला त्याच लुगड्यात घेतलं. तिला त्याला मांजरीला न्यायचं होतं. पण मांजरीत आता आमची म्हणावी अशी हातभर माती नव्हती. बापूंनी गोठ्यामागे खड्डा केला.

माझी मुलगी मला विचारते, मग आजोबांनी ती गोळी बंद केली असेल ना? मला हो म्हणायला आवडलं असतं. त्यांनी काही दिवस पुड्या बांधल्या नाहीत. मग सांधे धरलेली एक म्हातारी येऊन रडली, मग बापू आले, म्हणाले, "अण्णा, मागच्यावानी द्या की." दवाखान्यात बसून सगळं ऐकलेला माणूस हा. गावाने अण्णांना दोष दिलाच नाही. कुत्रं होतं, गेलं. अण्णांनी डबा परत काढला. मी पडद्याआडून कात्रीचा आवाज ऐकला तेव्हा आई चुलीपाशी होती. तिनेही ऐकला. तिने चुलीत लाकूड सारलं, आणि मला वाटलं, संपलं, घर आता पूर्ववत होईल.

थंडी सुरू होता होता आईला ताप भरला. ती कधी आजारी पडत नसे, पडली तरी उभ्यानेच काढायची, पण त्या दिवशी ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते. दुपारी दुकान बंद करून अण्णा आत आले. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर एक गोळी. "ऊठ," ते म्हणाले, "एवढी घे, संध्याकाळपर्यंत उतरेल."

आई कुशीवर वळली. तिने तळव्याकडे बघितलं. "कशाची हाय?"

अण्णा म्हणाले, "तापाची."

"नाव सांगा."

अण्णांनी नाव सांगितलं. मग खिशातून पट्टी काढून दाखवली, अख्खी, न कापलेली, एक गोळी तेवढी काढलेली. आईला वाचता येत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी ती तिच्या डोळ्यांसमोर धरली. "बघ. तापाचीच आहे. ती नाही ही. शपथ घेऊन सांगतो."

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "उद्या उठता आलं तर जाईन डाक्टरकडं."

"अगं, मी विष देईन का तुला?" अण्णांचा आवाज फाटला. त्यांनी ती गोळी स्वतःच्या तोंडात टाकली, पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी गटागटा पिऊन टाकलं. त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. "घे. घेतली मी. आता तरी पटलं?"

आईने त्यांच्याकडे तापलेल्या डोळ्यांनी बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर अण्णांना तो सोसता आला असता.

"तुमाला कुठं ताप व्हता?" ती म्हणाली, आणि गोधडी ओढून परत भिंतीकडे वळली.

बाहेर कुणीतरी बंद शटरवर थाप मारून "अहो अण्णा, आहात का?" असं विचारत होतं. अण्णा रिकामा पेला धरून तिच्या पाठीकडे बघत उभे राहिले.